किलिमांजारो कुणी कुणाला भेट दिला नव्हता

प्रिय संद्या,

तुझा मेल वाचला, फोटो पण बघितले. अरुशात तू एवढ्या लवकर रुळलास हे बघून खूप बरं वाटलं रे. पण मी लगेच लिहायला बसलो ते तुझ्या त्या गाईडच्या गोष्टीमुळे. टांझानिया-केनियाची बॉर्डर नकाशावर सरळ येते आणि मधेच किलिमांजारोला वळसा घालते, ते म्हणे व्हिक्टोरिया राणीने नातवाला, म्हणजे जर्मनीच्या कैसर विल्हेल्मला वाढदिवसाला डोंगर दिला म्हणून. ही गोष्ट नेटवर पण सगळीकडे सापडते, पण खरी नाहीये. ही बॉर्डर ठरवणारा ब्रिटन-जर्मनीचा करार १८८६ चा आणि हा विल्हेल्म कैसर झाला १८८८ ला, जुळतच नाही. गाईडला दोष देत नाही मी, पण ही गोष्ट मला खुपते, कारण त्यात सगळं आजी-नातवाचे लाड वाटतात, आणि प्रत्यक्षात जे झालं ते एकदम थंड डोक्याने, कागदोपत्री, सह्या-शिक्क्यांसकट झालं.

बर्लिनची परिषद तुला शाळेतली आठवत असेल, नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५, जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क, त्याच्या घरी १४ देशांचे लोक बसले, भिंतीवर आफ्रिकेचा मोठा नकाशा, आणि त्या खोलीत आफ्रिकेचा एकही माणूस नाही. लोकांना वाटतं तिथेच पट्टी घेऊन रेघा मारल्या. तसं नाही. तिथे ठरले नियम. किनाऱ्यावर नवीन जागा घेतली की बाकीच्यांना कळवायचं, आणि तिथे आपली सत्ता खरोखर चालते असं दाखवायचं. रेघा नंतर मारल्या, दोघादोघांत बसून, पुढची पंधरा-वीस वर्षं. पण एकदा नियम झाल्यावर जो तो पुरावा गोळा करायला सुटला, आणि पुरावा म्हणजे आफ्रिकन सरदारांचे करार.

एक करार सांगतो म्हणजे तुला कळेल. काँगोमध्ये न्गोंबी आणि माफेला म्हणून जागा होत्या, तिथल्या सरदारांनी १८८४ मध्ये बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या संस्थेला एक कागद लिहून दिला. त्यांना मिळणार काय, तर प्रत्येकी महिन्याला कापडाचा एक तागा. आणि द्यायचं काय, तर सगळ्या मुलखावरची सत्ता, स्वतःसाठी आणि वारसांसाठी कायमची, रस्ते, नद्या, जकात, शिकार, मासेमारी, खाणी, जंगल सगळं, वर संस्था सांगेल तेव्हा मजुरी करायची. खाली सरदारांच्या फुल्या. ज्या भाषेत तो कागद लिहिलाय ती त्यांना वाचताच येत नव्हती. आपल्याकडे सावकार अंगठा घेऊन जमीन नावावर करायचे ना, तोच प्रकार, फक्त इथे अख्खा देश गेला. असे कागद शेकड्यांनी गोळा केले, त्यावर बेल्जियमच्या ७५ पटींहून मोठा मुलूख एका माणसाच्या, त्या लिओपोल्डच्या, नावावर झाला, आणि तो माणूस काँगोला आयुष्यात एकदाही गेला नाही. पुढे रबरासाठी तिथे काय केलं, लोकांचे हात तोडले, ते तुला माहितीये.

आता तुझ्या भागाकडे येतो. १८८४ च्या शेवटी कार्ल पीटर्स नावाचा जर्मन झांझिबारवरून आत शिरला आणि काही आठवड्यांत उसागारा, उकामी वगैरे भागांतले करार घेऊन परत गेला. बर्लिनची परिषद संपली २६ फेब्रुवारी १८८५ ला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला तेव्हाच्या कैसरचं, म्हणजे पहिल्या विल्हेल्मचं, संरक्षणपत्र मिळालं, दुसऱ्याच दिवशी रे! झांझिबारच्या सुलतान बरघाशने विरोध केला तर ऑगस्टमध्ये त्याच्या राजवाड्यासमोर जर्मन युद्धनौका येऊन उभ्या राहिल्या. मग त्याला बेटं आणि किनाऱ्यालगतची १० मैलांची पट्टी ठेवली, आतलं सगळं ब्रिटन-जर्मनीने वाटून घेतलं.

आणि तुझा तो वळसा असा आला. तवेताच्या लोकांचा करार हॅरी जॉन्स्टन नावाच्या ब्रिटिशाने घेतला होता, आणि मोशीच्या मंडारा सरदाराचा पीटर्सच्या माणसाने. दोघांकडे दोन कागद. म्हणून १८८६ मध्ये रेघ अशी वळवली की तवेता ब्रिटिशांकडे आणि डोंगर जर्मनांकडे. होलिली मार्गे गेलास तर बॉर्डर ओलांडल्यावर लगेच तवेता लागेल, बघ. पुढे व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत सरळ रेघ, आणि ती मसाई लोकांच्या चराऊ रानातून आरपार, त्यांना कोणी विचारलं नाही. नमंगाला तू ज्यांचे फोटो काढलेस ना, त्यांचे नातेवाईक रेघेच्या दोन्हीकडे आहेत ते यामुळे. हाच पीटर्स नंतर किलिमांजारोच्या पायथ्याशी अधिकारी होता, तिथे त्याने १८९१-९२ मध्ये आपल्या नोकराला आणि एका बाईला फासावर दिलं. १८९७ ला त्याला बडतर्फ केलं, बास, एवढीच शिक्षा.

आणि हो, तेच १८८५ साल, ब्रिटिशांनी उरलेला ब्रह्मदेश घेतला आणि थिबा राजाला उचललं, पुढे आपल्या रत्नागिरीत मरेपर्यंत ठेवला. आपण थिबा पॅलेसला किती वेळा गेलो असू, पण हे दोन्ही मी कधी एकत्र लावून बघितलं नव्हतं.

तू विचारलंस, स्वातंत्र्यानंतर या लोकांनी रेघा पुसल्या का नाहीत. १९६४ ला कैरोमध्ये आफ्रिकी देशांनी ठरवलं की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा होत्या त्याच मानायच्या, सोमालिया आणि मोरोक्को सोडून जवळपास सगळ्यांनी मान्य केलं. तुमच्या टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे त्यात पुढे होते. मला विचारशील तर त्यांनी बरोबरच केलं, एक रेघ हलवली असती तर प्रत्येक गावात लढाई झाली असती. पण ज्यांनी आखल्या त्यांना त्यामुळे माफी मिळते असं मी अजिबात मानत नाही.

सुट्टी मिळाली की नुसती सफारी करू नकोस, दक्षिणेला सोंगेयाला जाऊन ये. जर्मनांनी जबरदस्तीने कापूस पिकवायला लावला म्हणून १९०५ ते १९०७ माजी माजीचा उठाव झाला, त्याचं म्युझियम तिथे आहे. शहराला नाव आहे न्गोनी सरदार सोंगेया म्बानोचं, त्याला १९०६ मध्ये फाशी दिलं होतं. फोटो काढू देत असतील तर पाठव, आणि तिथला गाईड काय सांगतो ते नीट लिहून घे, मला सगळं वाचायचंय.

आई तुझी आठवण काढते, तुझ्या घरी परवाच जाऊन आलो, काका-काकू मजेत आहेत.

तुझा,
पक्या