मीठदाणीचा क्वार्टरबॅक

अथेन्स, ओहायो येथील माझ्या शेजारच्या आजोबांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहीत आहे, कारण इंग्रजीत आभार मानायला गेलो की तुम्ही हात झटकून विषय बदलता. फोनवर वाचून दाखवीन तेव्हा अर्थ सांगेनच. तोवर ते माझ्या भाषेतल्या लोकांनी वाचावे.

ऑगस्ट 2017 मध्ये तुमच्या शेजारी राहायला आलो तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, एवढेच मला ठाऊक होते; हाताने चेंडू फेकायचा तुमचा अमेरिकन फुटबॉल नव्हे. पहिल्याच शनिवारी तुम्ही जेवणाच्या टेबलावर पाच शेंगदाणे ओळीने मांडलेत, त्यांच्यामागे मीठदाणी ठेवलीत आणि सांगितलेत की हा क्वार्टरबॅक. शेंगदाण्यांची फळी मोडण्याआधी, म्हणजे तीन-चार सेकंदांत, चेंडू कोणाकडे फेकायचा हे याने ठरवायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. नियम त्याच संध्याकाळी समजले. खरी शिकवणी मात्र पुढची अडीच वर्षे चालली आणि तिचा विषय होता ‘जो बरो’ नावाचा एक तरुण क्वार्टरबॅक.

तुमच्या लेखी तो जवळच्याच द प्लेन्समध्ये वाढलेला, फुटबॉल प्रशिक्षकाचा मुलगा. 2014 मध्ये त्याने अथेन्स हायस्कूलला राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि त्या सामन्यात सहा टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे फेक, टाकूनही संघ 56-52 असा हरला. हा आकडा तुम्ही जुन्या गुडघेदुखीसारखा अधूनमधून काढत असा. पुढे तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. तिथले पहिले वर्ष ‘रेडशर्ट’चे, म्हणजे सराव सगळा करायचा पण सामन्यात उतरायचे नाही, जेणेकरून खेळण्याच्या चार मोसमांपैकी एकही खर्ची पडत नाही. त्यानंतरच्या दोन मोसमांत मिळून त्याला जेमतेम 39 पास टाकायला मिळाले. मी अथेन्सला आलो त्याच महिन्यात सरावात त्याचा हात मोडला आणि राखीव क्वार्टरबॅकची जागाही ड्वेन हॅस्किन्सकडे गेली.

त्याच वर्षी माझाही विषय मला जमेनासा झाला होता. विभाग बदलावा तर पुण्याला घरी काय सांगावे, या विचाराने मी महिनोन्‌महिने गप्प होतो. मे 2018 मध्ये बरोने ओहायो स्टेट सोडून बॅटन रूजचे लुइझियाना स्टेट विद्यापीठ गाठले, तेव्हा मी म्हणालो की बिचारा हरला. तुम्ही टीव्हीचा आवाज बंद केलात. तीन वर्षांत पदवी पूर्ण करून तो गेला आहे, त्या काळी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला साधारणपणे वर्षभर बाहेर बसावे लागे पण पदवीधराला ती अट नव्हती, आणि हा हिशेब त्याने आधीच करून ठेवला असणार, असे तुम्ही मला समजावलेत. मग मला विचारलेत, “तुझा हिशेब झाला का?” मी त्याच आठवड्यात अर्ज केला.

लुइझियानातला त्याचा पहिला मोसम बेताचाच, 16 टचडाउनचा होता. नंतर त्याच्या वडिलांनी आपल्या अथेन्समधल्याच ओहायो विद्यापीठातले प्रशिक्षकपद सोडले, मुलाचे सामने प्रत्यक्ष पाहता यावेत म्हणून. त्यावर “शहाणा माणूस” एवढेच तुम्ही म्हणालात. 2019 मध्ये मात्र जो ब्रॅडी हे तरुण प्रशिक्षक आले, पासवर भर देणारी मोकळी मांडणी आली, आणि त्याच मुलाने 5,671 यार्ड व 60 टचडाउन पास नोंदवले; त्यातला 60 टचडाउन पासचा आकडा हा एका मोसमाचा त्या वेळचा विक्रम होता. नोव्हेंबरात त्यांनी अलाबामा विद्यापीठाला 46-41 असे हरवले तेव्हा तुम्ही शेंगदाण्यांची वाटीच उलटी केलीत.

14 डिसेंबर 2019 ची रात्र सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय फुटबॉलपटूचा पुरस्कार, स्वीकारताना बरो आपल्या भागातल्या गरिबीबद्दल बोलला, शाळेतून घरी गेल्यावर ज्यांच्या ताटात फारसे काही नसते अशा अथेन्स काउंटीतल्या मुलांबद्दल बोलला, आणि त्याला पुढे बोलवेना. तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात. मी मागोमाग आलो तर धुतलेले कप तुम्ही पुन्हा धूत होता. कोळशाच्या खाणी बंद पडल्या त्या वर्षांत आपल्या घरीही असेच होते, हे तुम्ही नळाकडे पाहतच सांगितलेत. त्या भाषणानंतर काउंटीच्या फूड पँट्रीसाठी, म्हणजे गरजूंना मोफत धान्य देणाऱ्या केंद्रासाठी, पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. रोज तिचा आकडा तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावत होता, कारण चश्मा सापडत नाही ही तुमची नेहमीची सबब.

13 जानेवारी 2020 ला न्यू ऑर्लिन्समधल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात बरोच्या संघाला क्लेमसन विद्यापीठावर 42-25 असा विजय मिळाला आणि मोसम 15-0 असा संपला. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सिनसिनाटी बेंगल्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर निवडले, म्हणजे तो पुन्हा ओहायोत आला. मी मात्र पदवी घेऊन तिथून निघालो. निघताना तुम्ही ती मीठदाणी कागदात गुंडाळून माझ्या बॅगेत घातलीत आणि मी आभार मानायच्या आत दार लावून घेतलेत. ते राहिलेले आभार आज मानतो आहे. पुढच्या शरदात येईन तेव्हा मीठदाणी परत आणतो, शेंगदाणे तुम्ही काढून ठेवा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा मुलगा