लाकडी कोळशाच्या पिशवीत निघालेले प्लायवूड, कच्चे लाकूड आणि चुरा याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ग्रिलसाठी मागवलेल्या लाकडी कोळशाच्या ५ किलोच्या दोन पिशव्या निकृष्ट निघाल्याबाबत व पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

तुमच्या कंपनीचा कोळसा मी ऑनलाइन मागवला. दोन पिशव्या, मिळून ९४० रुपये. पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापलं आहे, ‘अस्सल बाभूळ, निर्धूर, एक्स्पोर्ट क्वालिटी’. माल खराब निघाला म्हणून फोन केला, तर तुमच्याकडचा मुलगा म्हणाला, “सर, तुम्हाला कोळसा नीट पेटवता आला नसेल.” म्हणून आधी माझी ओळख करून देतो. भुसावळला रेल्वे क्वार्टरजवळ माझं लॉन्ड्रीचं दुकान होतं. ३१ वर्षं कोळशाच्या इस्त्रीवर कपडे केले. टीसींचे काळे कोट, गार्डांचे पांढरे शर्ट. इस्त्रीत भरायचा कोळसा मी तुकडा तुकडा हाताने निवडायचो, कारण एक ठिणगी उडाली की गार्डसाहेबांच्या शर्टाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडायचं आणि त्या दिवसाची कमाई भरपाईत जायची. तेव्हा कोळसा पेटवता येतो मला.

आता झालेली गोष्ट. संक्रांतीनंतरच्या रविवारी नाशिकहून व्याही आणि विहीणबाई आल्या. थंडीत आमच्याकडे पाहुणा आला की भरीत ठरलेलंच. मळ्यात असतो तर तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली असती. पण गावात गच्चीवर तसा जाळ केला की शेजारी वर येतात. मुलाने दिवाळीत लोखंडी ग्रिल घेतलं होतं, त्याला कोळसा हवा, म्हणून तुमची पिशवी. बामणोदची हिरवट-पांढरी वांगी मुद्दाम सांगून आणवली होती. पोरांसाठी पनीर आणि मक्याची कणसं.

पिशवी घमेल्यात ओतली तेव्हाच माझ्या कानाला खटकलं. चांगला कोळसा पडताना वाजतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की फुटक्या कौलासारखा ‘टण्’ असा आवाज येतो. तुमचा कोळसा ‘थप्प’ करून पडला, ओल्या ढेकळासारखा. एक जाड तुकडा उचलला तर हाताला जड. मोडून पाहावा म्हटलं तर मोडेना, गुडघ्यावर घेऊन मोडला. आत तपकिरी! वरून काळा, आत लाकूड. पुरता भाजलेला कोळसा हलका असतो, कडकन मोडतो, मोडलेली बाजू चकाकते आणि तिच्यावर लाकडाची वर्तुळं मोजता येतात.

असा कच्चा तुकडा येतो कुठून, तेही मला माहीत आहे. आमचा जुना कोळसेवाला सांगायचा, भट्टीचा धूर पांढरा आणि दाट आहे तोवर आत लाकूडच आहे, धूर पातळ निळसर झाला की कोळसा झाला. भट्टी एक दिवस आधी उघडली की जो धूर तिथेच निघून जायला हवा तो लाकडात राहतो. तो तुमच्या काट्यावर वजनात भरतो आणि नंतर ग्राहकाच्या गच्चीवर निघतो. आमच्या गच्चीवर निघालाच. पिवळ्या ज्वाळा, डोळे चुरचुरणारा धूर, अर्धा तास झाला तरी निखारा फुलेना. ‘निर्धूर’ हा शब्द छापताना कोणी पिशवी उघडून पाहिली होती का?

मग वास यायला लागला. डिंक जळाल्यासारखा, घशाला लागणारा. खालून शेजाऱ्याने हाक मारली, “काय भो, कोळसा पेटवला का पलंग?” चिमट्याने शोधलं तर खरंच पलंगच निघाला म्हणायचा. हाताच्या पंजाएवढा चपटा तुकडा, कडेने पाहिला तर खारी बिस्किटासारखे पाच पापुद्रे, एकावर एक आडवे-उभे, आणि एका अंगाला सनमायकाची अर्धवट जळलेली खपली. हे प्लायवूड आहे. बाभळीच्या झाडाला सनमायका येत नाही. राहिलेल्या कोळशात शोधल्यावर असे आणखी तीन तुकडे मिळाले आणि दीड इंची खिळा एक. सुतारकामाचं कत्रण भट्टीत टाकून तुम्ही ते अन्न भाजायला विकता, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. बाकीचं एक वेळ सोडून दिलं असतं. वांगी आठही टाकून दिली. पाहुण्यांना रात्री शेवभाजी घातली.

ठिणग्यांचं तर विचारू नका. ओल्या आणि सालीच्या कोळशाला तडतडायची सवय असते. एक ठिणगी उडून विहीणबाईंच्या शालीवर पडली. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण भोक मला दिसलं. ३१ वर्षं तेच बघत आलो.

तुम्ही ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ लिहिता म्हणून मुलाने मोबाइलवर युरोपातलं मानक काढून दाखवलं, ईएन १८६०-२. ग्रिलच्या कोळशात ओल ८ टक्क्यांच्या वर नको, राख ८ टक्क्यांच्या वर नको, १० मिलिमीटरपेक्षा बारीक चुरा ७ टक्क्यांच्या वर नको, आणि निव्वळ कार्बन ७५ टक्के तरी हवा. कार्बन मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. बाकीचं मोजलं. गवंड्याची चाळणी आणून पहिली पिशवी चाळली : ५ किलोत १ किलो १५० ग्रॅम चुरा, म्हणजे शंभराला तेवीस. प्रवासात थोडा चुरा होतो, तळाशी दोन मुठी कोणाच्याही कोळशात निघतो, एवढं मला कळतं. सव्वा किलोच्या आसपास निघत नाही. एक किलो चांगले दिसणारे तुकडे तीन दिवस उन्हात ठेवले, ८८० ग्रॅम भरले. १२० ग्रॅम पाणी तुम्ही कोळशाच्या भावाने विकलं. आणखी एक किलो जाळून राख तोलली, १३० ग्रॅम. चांगल्या कोळशाची राख फुंकरीने उडते. या राखेत माती आणि हरभऱ्याएवढे खडे होते.

दुसऱ्या पिशवीबद्दल खोटं बोलणार नाही, ती बरी होती. तिच्यात खरे बाभळीचे पंधरा-वीस तुकडे निघाले. ते वेगळे काढून दुसऱ्या दिवशी पेटवले. धूर नाही, ठिणगी नाही, वर पांढरी साय धरून दीड तास तेवत राहिले. म्हणजे चांगला माल तुमच्याकडे येतो. तुम्ही त्यात दुसरं मिसळता.

फोनवर मला असंही सांगितलं की जळाऊ वस्तू परत घेतली जात नाही, आणि ‘कोळसा तर काळाच असतो ना सर’. पिशवीवर माल बनवल्याचा महिना-वर्ष मला कुठे सापडलं नाही. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापाच्या सरकारी नियमांप्रमाणे ते छापावं लागतं, तेही बघून घ्या.

माझं म्हणणं असं : ९४० रुपये पूर्ण परत करावेत, शालीच्या रफूचे १५० रुपये द्यावेत, आणि प्लायवूड भट्टीत कसं गेलं याचं लेखी उत्तर द्यावं. एखाद्या वेळी चुकून गेलं असेल तर तसं लिहा, मी मान्य करीन. नवीन पिशवी मात्र पाठवू नका. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडली तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्याशा रकमेला फी लागत नाही.

पावती, पिशव्यांचे व वजनकाट्याचे फोटो सोबत जोडले आहेत. उरलेला कोळसा, चुरा आणि खडे वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवले आहेत, तुमचा माणूस कधीही येऊन घेऊन जाऊ शकतो. प्लायवूडचे तुकडे आणि खिळा मात्र देणार नाही, ते माझ्याकडे राहतील.

आपला,
एक ग्राहक
भुसावळ, जि. जळगाव