दोन मिनिटं उभं राहिलो आणि पुढचा तास फिजिक्सचा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दरवर्षी दहावी-बारावीचा सीझन आला की तुमच्या आणि सगळ्याच पेपरांत मुलांच्या ताणावर लेख येतात. पालकांनी मार्कांचं प्रेशर टाकू नये, मुलांनी वेळेवर झोपावं, मोबाईल बाजूला ठेवावा वगैरे. लेख चांगले असतात, माझी आई कापून फ्रीजवर लावते. पण ते वाचून मला कायम वाटतं की मोठ्या माणसांच्या हिशोबात आमच्या वयाच्या पोरांना एकच दुःख असू शकतं आणि ते म्हणजे टक्के. म्हणून हे पत्र. मोठं झालंय, कापायचं तर कापा, फक्त मधला फोन नंबरचा भाग ठेवा.

माझा मित्र गेल्या श्रावणात गेला. त्याचं नाव लिहीत नाही, काकूंना विचारलेलं नाही. ब्लड कॅन्सर होता, त्यातला एएलएल म्हणतात तो, लहान मुलांत जास्त दिसतो. आम्ही दहावीत असताना निघाला. हे मुद्दाम लिहितो की या आजारातली बरीच मुलं बरी होतात, कारण पेपर पेशंटच्या घरी पण वाचला जातो आणि मला कुणाला घाबरवायचं नाहीये. ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते, पहिले काही महिने जड जातात, मग मेंटेनन्स म्हणजे घरी राहून गोळ्या आणि अधूनमधून इंजेक्शन. त्याचं मेंटेनन्सपर्यंत सगळं नीट चाललं होतं, केस पण आले होते परत, आधी सरळ होते ते कुरळे आले म्हणून आम्ही त्याला लय चिडवायचो. मग आजार उलटला.

टाटाला परळला ट्रीटमेंट होती. काका-काकू दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहायचे, कोयना एक्स्प्रेसनं कराड-दादर येजा. मधेच प्लेटलेट खाली जायच्या आणि प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवायची सोय नाही, त्यामुळं लागतील तेव्हा ताजा डोनर पाहिजे. आम्हाला द्यायचं होतं, पण रक्तदानाला अठरा पूर्ण लागतात आणि आमच्या ग्रुपात एकपण अठराचा नव्हता. मग आम्ही काय केलं, आमच्या भागातली बरीच माणसं वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, कुणाचा चुलता, कुणाचा मामा, त्यांचे नंबर काढून ब्लड ग्रुपसकट एक लिस्ट केली आणि काकांचा मेसेज आला की फोन लावत बसायचो. रात्रपाळी करून माणसं वाशीवरनं परळला जाऊन आली आहेत, एक रुपया न घेता. हे कधीतरी कुठंतरी छापून यायला पाहिजे होतं म्हणून लिहिलं.

तर तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रार्थनेनंतर दोन मिनिटं शांतता झाली. मग वर्गात गेलो आणि फिजिक्सचा तास सुरू झाला. सरांना मी दोष देत नाही, त्यांना तरी कुणी सांगितलंय काय करायचं ते. पण मस्टरवर त्याचं नाव होतं आणि कुणीतरी सवयीनं ते पुकारलं, वर्ग गप्प झाला, सरांनी खाली बघत पुढचा नंबर घेतला. असं आठवडाभर चाललं, मग एक दिवस नाव गेलं आणि आमचे सगळ्यांचे रोल नंबर एकेकानं मागं सरकले. बास, तेवढंच. त्याचं नाव वर्गात परत कुठल्या सरांच्या-मॅडमच्या तोंडी आलं नाही. त्यांना वाटत असेल पोरांना त्रास नको. पण त्रास होताच ना, फक्त तो कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं.

घरी वेगळी गोष्ट. आपल्याकडं कुणी गेलं की सगळं ठरलेलं असतं. सख्ख्याला दहा दिवस सुतक, लग्न झालेल्या मुलीला आई-बापाचं तीन दिवस, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळे घाटावर थांबणार, मग तेरावा. कुणी कधी रडायचं, कुणी कुठं बसायचं, कुणी कुणाला भेटायला जायचं हे सगळं बसवलेलं आहे. मला आधी हे सगळं जुनाट वाटायचं, आता तसं वाटत नाही, कारण त्या दहा दिवसांत घरच्या माणसाला कुणी विचारत नाही की तू काम का करत नाहीस. पण यात मित्र कुठं बसतो? घाटावर आम्ही सगळे कठड्याला लागून मागं उभे होतो, चुलत-मावस भावंडं पुढं, त्यातले काहीजण त्याला वर्षातनं एकदा लग्नात भेटणारे. त्यांचं चुकलं असं नाही, रीत तशी आहे. आमच्या ग्रुपातला एक मुस्लिम मित्र म्हणाला की त्यांच्याकडं दफनाला आलेला प्रत्येकजण तीन मुठी माती देतो, नात्यातला असो नसो. तेव्हापासनं ते डोक्यात राहिलंय. आम्हाला पण काहीतरी करायला दिलं असतं तर. एक लाकूड, एक ओंजळ पाणी, काहीपण.

आणि मग लोकांचे डायलॉग. "त्याच्या आई-बापाकडं बघ, त्यांनी काय करायचं." हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलं की मी बोलायचंच बंद केलं, कारण खरंच आहे ना, त्यांच्यापुढं माझं काय. "बारावी आहे, अभ्यासात मन गुंतव, आपोआप विसरशील." मला विसरायचंच नव्हतं. "तू स्ट्राँग आहेस." मी स्ट्राँग वगैरे काही नव्हतो, मी रात्री त्याचे जुने व्हॉइस मेसेज ऐकत होतो आणि दिवसा बॅकबेंचला झोपत होतो. मुलगा असला की अजून एक कटकट, रडला तर लोक घाबरतात आणि नाही रडला तर म्हणतात याला काही वाटत नाही.

आता जे लिहितोय ते जरा विचित्र वाटेल. आम्ही पहिलीपासनं एका बाकावर. सगळे आम्हाला जोडीनं हाक मारायचे, एकाचं नाव घेतलं की दुसरा आलाच. तो फास्ट टाकायचा म्हणून मी विकेटकीपर, त्याला मेकॅनिकल करायचं होतं म्हणून मी पण पीसीएमला बसलो. तो गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी ग्राउंडवर ग्लोव्हज घालताना पहिल्यांदा लक्षात आलं की मला क्रिकेट तेवढं आवडतच नाही. कधीच आवडत नव्हतं बहुतेक, त्याच्यासोबत उन्हात उभं राहायला आवडायचं. मग एकेक वस्तू तपासायला लागलो, ही आवड माझी का त्याची, हे गाणं मला आवडतं का त्याला आवडायचं. त्याच्याशिवायचं काही आवडायला लागलं की गद्दारी केल्यासारखं वाटायचं. हे कुणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं डोक्यावर परिणाम झालाय.

माझं स्वतःचं असं जे काही सापडलं ते स्वयंपाकात. तो घरी असायचा तेव्हा काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, कमी असले की बाहेरचं काही चालायचं नाही, कच्चं नाही, कोशिंबीर नाही, सगळं ताजं शिजवलेलं आणि लगेच खायचं. काकू थकलेल्या असायच्या. म्हणून मी त्यांच्या ओट्यापाशी उभा राहून आधी उपमा शिकलो, मग धपाटी, मग मुगाची खिचडी जी तो किमोनंतर पण खायचा, बाकी सगळ्याला त्याच्या तोंडात लोखंडाची चव यायची. तो म्हणायचा मीठ कमी आहे, तरी संपवायचा. तो गेल्यावर मी गॅसपाशी जायचंच सोडलं होतं.

मग दिवाळी आली. ज्यांच्या घरी दुःख झालंय ते फराळ करत नाहीत, भावकीतले, शेजारचे नेऊन देतात. तोवर मी त्यांच्या घरी जाणं टाळत होतो कारण घरचे सगळे म्हणायचे जाऊ नको, तुला बघितलं की त्यांना तो आठवतो. त्या वेळी मी भाजणी आजीकडनं घेऊन चकल्या स्वतः तळल्या, पहिला घाणा सगळा तेलात विरघळला, मोहन जास्त झालं होतं, दुसरा बरा निघाला. डबा घेऊन गेलो. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "किती दिवसांनी आलास रे, आम्हाला वाटलं तू पण गेलास." मग चहा ठेवला आणि त्याच्याबद्दल बोलत बसल्या, शाळेतले किस्से विचारत होत्या जे त्यांना माहितीच नव्हते. म्हणजे ज्यांना आठवण येईल म्हणून मला लांब ठेवलं त्यांना आठवणच पाहिजे होती. मोठ्या माणसांनी कृपा करून परस्पर ठरवू नये, विचारावं.

आता मी हॉटेल मॅनेजमेंटच्या सीईटीचा फॉर्म भरलाय. वडील म्हणाले, कांदे चिरायला सायन्स घेतलं होतं का. वाद चालू आहे.

कॉलेजबद्दल. सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये गाइडलाइन्स दिल्यात की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक क्वालिफाइड काउन्सेलर पाहिजे. आमच्याकडं शंभराच्या कितीतरी पट पोरं आहेत. स्टाफरूमच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागलीय आणि आत तेच केमिस्ट्रीचे सर बसतात जे आमचे प्रॅक्टिकलचे मार्क देतात. त्यांच्यापुढं कोण रडणार सांगा. कोर्टाचा तो निकाल आत्महत्या रोखण्यावर आहे हे मला माहितीये, आणि ते महत्त्वाचंच आहे, पण ज्याला मरायचं नाहीये, नुसतं कुणाशी तरी बोलायचंय, त्याच्यासाठी पण ती खुर्ची पाहिजे ना.

मी शेवटी 14416 ला फोन केला. टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, 2022 पासनं सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गच्चीवर जाऊन केला. पलीकडच्या ताईंनी काही उपदेश केला नाही, फक्त विचारलं तो कसा होता. कॉलेजात, घरी, कुणीच हे विचारलं नव्हतं. मी बोलत सुटलो. सगळं ठीक झालं असं म्हणत नाही, पण त्या रात्री झोप लागली.

माझं मागणं छोटंय. एखाद्या वर्गातलं पोरगं गेलं तर शाळा-कॉलेजांनी दोन मिनिटं शांतता जरूर पाळावी, पण त्यानंतरचा एक तास तरी बोलायला द्यावा, ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसतं बसावं. मस्टरमधलं नाव गुपचूप काढू नये, वर्गाला सांगून काढावं. मित्रांना घाटावर किंवा कब्रस्तानात जायला सुट्टी द्यावी, हजेरी कापू नये. आणि विचारपूस पहिल्या दोन दिवसांत कमी आणि दोन महिन्यांनी जास्त करावी, कारण पहिल्या आठवड्यात सगळेच सोबत असतात, नंतर ज्याचा त्याचा क्लास सुरू होतो.

तुम्हाला पण एक विनंती. परीक्षांचं वेळापत्रक छापता त्याच्या खाली तो 14416 नंबर छापत जा, एका ओळीची जागा लागते.

माझं नाव छापू नका, गाव छापलं तर चालेल.

बारावी सायन्सचा एक विद्यार्थी, कराड