परवाना अभियंता करतो काय?

महोदय,

अणुऊर्जेतील नोकऱ्यांविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यात परवाना अभियंत्याची बोळवण ‘कागदपत्रे सांभाळणारा’ एवढ्यावर केली आहे. याच कामात उमेदीची वर्षे गेली, म्हणून हे पत्र.

कागद असतातच, ढिगाने असतात. पण अणुभट्टीविषयी नियामकाला जे लिहून दिले आहे, ते आजही प्रत्यक्षात तसेच आहे ना, हे बघणे हे खरे काम. समजा, एक व्हॉल्व्ह बदलायचा आहे. मूळ कंपनीने तो बनवणे बंद केले. दुसरीकडचा मिळतो, मापे तीच, वजन जरा जास्त. देखभालवाले म्हणतात, बसवून टाकू. पण वाढलेल्या वजनाने भूकंपात त्या पाइपचे आधार तग धरतील? सुरक्षा विश्लेषण अहवालात जितक्या सेकंदांत तो बंद होतो असे म्हटले आहे, तितक्यात हा होईल? अमेरिकेत अशा बदलाला, त्याने सुरक्षेला बाधा येते का हे पाहणारे आठ निकष लावतात. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, की अणुनियामक आयोगाची मंजुरी आधी घ्यायची. आठही ‘नाही’ आली तर मंजुरी नको, पण ‘नाही’ कशावरून, ते लिहून ठेवायचे. घाम फुटतो तो इथेच.

ओहायोतील डेव्हिस-बेसी प्रकल्पाचे उदाहरण या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. भट्टीच्या झाकणाची तपासणी 2001 संपण्याआधी व्हावी, असा आयोगाचा आग्रह होता. कंपनीने आधीच्या तपासण्यांचे दाखले देत पत्रे लिहिली आणि फेब्रुवारी 2002 पर्यंत मुदत मिळवली. मार्चमध्ये झाकणात खड्डा सापडला. भट्टीच्या पाण्यात असलेल्या आणि गळून झाकणावर साचलेल्या बोरिक ॲसिडने सहा इंचांहून जाड पोलाद आरपार खाल्ले होते. आतला दाब अडवून धरला होता तो स्टेनलेस स्टीलच्या जेमतेम सेंटिमीटरभर अस्तराने. आयोगाला खोटी माहिती दिल्याच्या प्रकरणात कंपनीला 2006 मध्ये 2 कोटी 80 लाख डॉलर मोजावे लागले. ती पत्रे व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतील, त्याबद्दल मला शंका नाही!

म्हणूनच पदवी घेऊन थेट या विभागात शिरण्याचा आपल्या लेखातला सल्ला मला पटला नाही. आधी काही वर्षे देखभालीत किंवा ऑपरेशनमध्ये काढावीत. झाकणावर साचलेला बोरिक ॲसिडचा थर ज्याने जवळून पाहिलाय, तो ‘तपासणी समाधानकारक’ या शब्दांखाली सही करण्याआधी फोटो मागतो.

– एक निवृत्त परवाना अभियंता