काठावरच्या माणसाचा फोटो का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला शहरातल्या नदीत ग्रुपने पोहणाऱ्यांवरचा लेख वाचला. फोटो भारीच होता, पोहणाऱ्यांमागे तरंगणारे केशरी फ्लोट, रंगीत टोप्या, पाण्यात ओळीने डोकीच डोकी. मी पण बरीच वर्षं अशाच एका ग्रुपबरोबर पोहतोय, त्यामुळे बरं वाटलं. पण ग्रुप असला की नदी सुरक्षित होते, असा जो एकूण सूर होता ना, तिथे मी अडकलो.

आमचंच सांगतो. एकदा २२ जण उतरलो आणि बाहेर आलो २१. आधी वाटलं मोजण्यात चूक झाली, परत मोजलं, परत २१. मग जी पळापळ झाली ती सांगायला नको, सोबत छोट्या होडीत असलेला कयाकवाला धारेविरुद्ध वर गेला, दोघं काठाने हाका मारत पळाले, आणि अर्ध्या तासाने कळलं की त्या बाविसाव्या साहेबांच्या पोटरीत गोळा आला म्हणून ते मधेच काठाला लागले, रस्त्याने चालत आले आणि निवांत गाडीत बसले होते. कोणाला सांगितलंच नाही! त्याला वाटलं कोणीतरी पाहिलं असेल, आम्हाला वाटलं त्याच्याकडे कोणाचं तरी लक्ष असेल. ग्रुपची गंमत हीच आहे, एकटा माणूस पाण्याकडे दहा वेळा बघतो, आणि वीस जण असले की कोणीच बघत नाही. शिवाय सगळे उतरतायत म्हटल्यावर आज नको वाटतंय हे बोलायची लाज वाटते, तो एक वेगळाच त्रास.

त्या दिवसापासून आमच्यात एक जण पाण्यात उतरतच नाही. वही घेऊन काठावर बसतो, आत जाताना नाव, बाहेर येताना टिक. मधेच बाहेर पडलात तरी आधी त्याला तोंड दाखवायचं, मग कपडे बदलायचे.

लेखात धारेबद्दल एक ओळ पण नव्हती याचं खरंच आश्चर्य वाटलं. साधा हिशोब आहे, पाणी सेकंदाला एक मीटर सरकत असेल तर तो झाला ताशी ३.६ किलोमीटर, आणि आपल्यासारखा हौशी माणूस तलावात जेमतेम तीन-साडेतीनने पोहतो, म्हणजे जीव तोडून हात मारले तरी तुम्ही मागेच जाणार. पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये सीन नदीत १० किलोमीटरची शर्यत झाली तेव्हा जगातले एक नंबरचे पोहणारे सुद्धा धारेविरुद्ध येताना भिंतीला चिकटून येत होते, कारण कडेला धार कमी असते. म्हणून आम्ही आधी बाहेर पडायची जागा ठरवतो, ती चुकली तर पुढची कुठली हे पण ठरवतो, आणि खाली जवळपास बंधारा असेल तर उतरतच नाही. बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरतं, त्यात सापडलेलं लाकूड तिथेच गोल गोल फिरत राहतं, माणसाचं पण तेच होतं. पुलाच्या खांबांपासूनही लांब. आणि तो केशरी फ्लोट लाइफ जॅकेट नाही हो, तो तुम्ही बोटवाल्याला दिसावं म्हणून असतो!

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातले लोक मला याबाबतीत शहाणे वाटतात. तिथे ऱ्हाइनमध्ये पोहताना कपडे एका माशाच्या आकाराच्या वॉटरप्रूफ पिशवीत गुंडाळून बरोबरच घेतात, धारेबरोबर खाली जातात, बाहेर पडतात आणि चालत घरी जातात. बोटींचा भाग वेगळा, पोहणाऱ्यांचा वेगळा. उलटं पोहून परत यायचा हट्टच नाही.

पाण्याच्या स्वच्छतेचं पण थोडं. पॅरिसने सीन साफ करायला साधारण १.४ अब्ज युरो घातले, तरी पाऊस पडला आणि ऑलिंपिकमधली पुरुषांची ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि पळणं अशी शर्यत) ३० जुलैची ३१ वर गेली. जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून जातं, जोराचा पाऊस आला की ते थेट नदीत ओतलं जातं. आणि ई-कोलायच्या, म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय का ते दाखवणाऱ्या जंतूच्या, नेहमीच्या टेस्टचा रिपोर्ट यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे बोर्डावर 'पाणी चांगलं' लिहिलेलं असतं ते कालचं पाणी. आमचा नियम, जोराच्या पावसानंतर तीन दिवस सुट्टी, अंगावर उघडी जखम असेल तरी सुट्टी. आणि पोहून आल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आलाच तर डॉक्टरला नदीत पोहलो होतो हे आपणहून सांगायचं, लेप्टो (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) त्यांच्या डोक्यात यायला तेवढं पुरतं.

आता हे वाचून कोणीतरी लगेच लिहील की मग बंदीच घाला. नका घालू. सीनमध्ये १९२३ पासून बंदी होती, २०२५ च्या उन्हाळ्यात लोकांसाठी ठराविक जागा उघडल्या, त्या पण लाइफगार्ड ठेवून आणि रोज पाणी तपासून. बंदी घातली की वही आणि कयाक तेवढे जातात, पोहणारे गुपचूप एकेकटे उतरतात.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी तुमचा फोटोग्राफर आला की त्याला पाण्याकडे पाठ करून पण एक फोटो घ्यायला सांगा. काठावर वही घेऊन एक जण बसलेला असेल. आमच्याकडे हल्ली तो गाडीत बसलेला गडीच असतो, स्वतःहून मागून घेतलंय त्याने ते काम, आणि बाहेर आल्यावर टिक न करता कोणी टॉवेलकडे वळलं की फार ओरडतो.

आपला,
एक पोहणारा वाचक