चिंचोके आणि साडेसहा कोटी वर्षं

मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. चार मिनिटांचा, त्यातली तीन जोधपूरच्या उन्हावर. उरलेल्या एका मिनिटात तू विचारलंस शाळेत काय चाललंय, तर ते फोनवर सांगून भागायचं नाही म्हणून टाईप करत बसलोय. पोरं झोपलीत, बायको विचारून गेली की परत दगडच का. हो, परत दगडच.

झालं असं, सातवीतल्या एका पोरीनं दप्तरातून दगड काढून माझ्या टेबलावर ठेवला. काळा, मुठीएवढा, एका बाजूच्या पोकळीत पांढरे चकचकीत स्फटिक, तेच झिओलाइट जे आपण व्हायव्हाला घाम पुसत ओळखायचो. "सर, हा किती जुना?" मी आपलं सवयीनं म्हणालो, साडेसहा कोटी वर्षं. "कुणी मोजलं?" शास्त्रज्ञांनी. "कसं पण?" आता खरं तर आतले स्फटिक दगडापेक्षा वयानं लहान, नंतर पाणी मुरून बनलेले, म्हणजे एका प्रश्नाची दोन उत्तरं, हे सांगायला तोंड उघडलं आणि घंटा झाली. वाचलो असं वाटलं आणि मग दिवसभर लाजही वाटली. भूगोलाच्या पुस्तकात अग्निज, स्तरित, रूपांतरित हे तीन प्रकार आहेत, पण आकडा कुठून येतो ते नाही. आणि आपण लेका बीएस्सीला दगडाचं वय काढायचा पोटॅशियम-आर्गॉनचा फॉर्म्युला पाठ करून मार्क घेतले, तो काय म्हणतो हे मला तरी तेव्हा कळलं नव्हतं.

मग सुरुवात पोळ्यांपासून केली. डब्यात सगळ्यात खालची पोळी आधी लाटलेली, वरची नंतरची, थरांचंही तसंच. लगेच एक जण उठला, "आमची आई गरम पोळी खाली सरकवते." घ्या! पण चांगलंच झालं, थर उलटेही होऊ शकतात ते मला वेगळं सांगावं लागलं नाही. मग विचारलं, चळतीत सुरी खुपसली तर आधी पोळ्या की आधी सुरीची खाच? सगळे ओरडले, पोळ्या! झाला डाइक शिकवून, म्हणजे जुन्या थरांना चिरत घुसून गोठलेला लाव्हा. धुळे-नंदुरबारकडच्या डोंगरातून भिंतीसारखे निघालेले डाइक आठवतात ना, ट्रिपला तू जिथं पाण्याची बाटली विसरलास.

एका शनिवारी वाईजवळच्या पसरणी घाटात नेलं त्यांना, पालकांच्या दोन जीपमधून. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यासमोर उभं केलं आणि म्हटलं काय दिसतंय सांगा, नावं नकोत. त्यात एकाचे वडील विहिरी खणतात, त्यानं मला गप्पच केलं. हा मुरूम, हा मांजऱ्या, हा काळा पाषाण, आणि ते तांबडं लागलं की बोअर ढासळायची भीती असते सर. सगळं बरोबर! मांजऱ्या म्हणजे लाव्ह्याच्या प्रवाहाचा भोकाभोकांचा मऊ भाग, आणि तो तांबडा पट्टा म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा यायच्या आधी जो वेळ गेला त्यात झिजून तयार झालेली माती, वरून राखही पडलेली. पोरांनी तो पट्टा बोटानं घासून गालाला लावला, निम्मा वर्ग गेरूनं रंगवल्यासारखा. मी सांगितलं की ह्याच लाल थरांमधून झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण वेचून, त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालं ते मोजून शास्त्रज्ञांनी २०१५ साली छापलं की लाव्ह्याचा मोठा जोर डायनासोर संपायच्या साधारण अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि सगळं मिळून साडेसात लाख वर्षं चालला. आणि ह्या थरांच्या गटांना जगभर आंबेनळी, पोलादपूर, महाबळेश्वर अशीच नावं आहेत म्हटल्यावर पोरं अशी फुगली की जणू लाव्हा त्यांच्याच घरून आला होता.

पण आकडा अजून बाकीच होता. त्यासाठी चिंचोके. आठवतात? फरशीवर घासून दोन फाका करायच्या, एक बाजू तपकिरी, एक पांढरी, सापशिडीला फासे म्हणून. दोन दिवस पोरांनी व्हरांड्यात घासले, हेडसरांनी आवाजाबद्दल दोनदा विचारलं. शंभर फाका डब्यात घालून खळखळ करायच्या, जमिनीवर टाकायच्या, पांढरी बाजू वर आलेल्या बाजूला काढायच्या, उरलेल्या परत टाकायच्या. माझा अंदाज शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. उरले किती? बासष्ट, मग अडतीस, मग तेवीस, मग चौदा. चिंचोक्याची पाठ फुगीर, तो सपाट बाजूवरच जास्त बसतो. मी जरा खट्टू झालो, रुपयाची नाणी घ्यायला हवी होती. पण आलेख काढला तर रेघ इतकी सुंदर वळत खाली आली, आणि निम्मे व्हायला एक नाही, दीड फेकीच्या थोडं अलीकडे येतंय हे त्यांनी स्वतःच रेघेवर बोट ठेवून काढलं. दगडातले काही अणूही असेच आपोआप पलटून दुसरे होतात, फक्त प्रत्येक मूलद्रव्याचा चिंचोका वेगळा, एवढंच मग म्हणालो. कार्बन-१४ ला निम्मं व्हायला ५,७३० वर्षं, पोटॅशियम-४० ला १२५ कोटी. (यूट्यूब बघून आलेल्याचा "सर कार्बन डेटिंग" तिथंच मिटला. पन्नास हजार वर्षांपलीकडे त्यात मोजण्यासारखं काही उरत नाही आणि बसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या ह्या लाव्ह्याच्या काळ्या दगडात, जिवंत काही नव्हतंच.)

आता खरी गंमत ऐक, ह्यासाठीच एवढं लिहितोय. एका गटाला वर्गाबाहेर काढलं. आतल्यांनी हवे तेवढे चिंचोके घ्यायचे, हव्या तितक्या वेळा टाकायचे, आणि बाहेरच्यांनी येऊन फक्त तपकिरी आणि पांढऱ्यांचे दोन ढीग मोजून सांगायचं किती वेळा टाकले. सुरुवातीला किती होते ते सांगायचं नाही, दोन्ही ढिगांची बेरीज केली की ते कळतंच. दोनदा बरोबर आलं, टाळ्याबिळ्या. तिसऱ्यांदा तपकिरी २१, पांढरे ४९. म्हणजे सत्तरात एकवीस, तीस टक्के. आलेखावर बघितलं आणि ती दगडवाली पोरगी गंभीरपणे म्हणाली, "अडीच वेळा." आतले हसून हसून लोळले, अर्धं टाकतात का कोण! तीनदा टाकले होते त्यांनी. पण ती मागे हटेना. म्हणाली, माझं गणित बरोबर आहे, चिंचोके कमी आहेत. झडती झाली आणि मागच्या बाकावरच्या एकाच्या खिशातून पांढरे निघाले, दहा का बारा, बाकीचे त्यानं मधल्या सुट्टीत कुणाला तरी देऊन टाकले होते.

मन्या, मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. हेच तर आहे ना रे आर्गॉनचं? वायू तो, लाव्हा वितळलेला असतो तोवर निघून जातो, म्हणून गोठताना पाटी कोरी, आणि गोठल्यावर पोटॅशियमपासून जो तयार होतो तो दगडात अडकून बसतो. दगड नंतर कुजला, तापला, आणि आर्गॉन निसटला की वय कमी येतं, तीनऐवजी अडीच. पोराला ओरडायचं सोडून मी त्याला फळ्याजवळ उभं केलं आणि म्हणालो, हा झिजलेला दगड! मग घाटातून आणलेला धोंडा हातोड्यानं फोडून दाखवला, बाहेरची पिवळट-तपकिरी साल आणि आतला काळाशार गाभा, आणि नमुना का आतून घेतात ते त्यांनीच सांगितलं. त्यात आपल्या बसाल्टच्या ६ कोटी ६० लाख वर्षांत शंभरातले चार पोटॅशियम-४० सुद्धा पलटलेले नसतात, म्हणजे मोजायचं किती थोडं. आणि पलटलेल्यातलेही नऊ-दहांतला एकच आर्गॉन होतो, बाकी कॅल्शियम, पण ते मी गाळलं. तू शिव्या देशील, दे.

लोणारचं विचारलंच कुणीतरी, २०२० ला पाणी गुलाबी झालेलं त्यांना आठवतं. खडक साडेसहा कोटींचा आणि खड्डा ५ लाख ७० हजारांचा, आधी सगळे पन्नासेक हजार म्हणायचे, २०११ ला आर्गॉननंच हा मोठा आकडा दिला. "मग खड्ड्याला वेगळं घड्याळ कसं?" उल्का आदळून दगड वितळला, आर्गॉन गेला, पाटी परत कोरी. हे मी नाही, खिशावाल्यानं सांगितलं.

एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष धरलं तर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक पट्टीच्या जरा पुढे, ३५ सेंटिमीटरवर, आणि आपला कातळ ६६ किलोमीटरवर, वाईहून साताऱ्याला जाऊन जवळजवळ परत. पृथ्वीच्या ४५४ कोटींना काश्मीर ते कन्याकुमारीही पुरत नाही म्हटल्यावर वर्ग गप्प झाला, पण मला वाटतं भूक लागली होती.

तर काम असं आहे. तुमच्या जोधपूरचा मेहरानगड ज्या खडकावर उभा आहे ना, तो मालानी रायोलाइट, ज्वालामुखीचाच खडक, ७५ कोटींच्या घरातला, आमच्यापेक्षा अकरा पट म्हातारा. किल्ल्याचा नको, फुकट अटक होईल, रस्त्याकडेला कुठं फुटलेला पडला असेल तर मुठीएवढे दोन तुकडे पाठव, आतून ताजा बघून. पोरांना न सांगता टेबलावर ठेवणार आहे. कुरियरवाला विचारेल काय आहे, दगड म्हणू नकोस, घेणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरीला पापा.

तुझा,
बाळ्या

ता. क. चिंचोक्यांचे उरलेले आठ-दहा अजून परत आलेले नाहीत.