राइट गार्डला किती देशील?

प्रिय मंद्या,

दिवाळीच्या मेसेजवर अंगठा टाकायचा, एवढाच आपला पत्रव्यवहार उरलाय, हे मला कळतं. शिव्या नंतर दे. आधी बातमी ऐक: तुझं मेमरी कार्ड सापडलं. तेच, मार्करने 'हात लावू नये' लिहिलेलं. नीलने बेसमेंटमधून जुना पीएस टू वर काढला, कुठूनसा अडॅप्टर आणून टीव्हीला जोडला, आणि अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधला, मॅडन २००४ मधला, तुझा रोस्टर (खेळाडूंची आकड्यांसकट यादी) लोड झाला! अख्खी लीग तू हाताने बदललेली. थीसिस सोडून त्या हिवाळ्यात काय करत होतास, याचा लेखी पुरावा.

मायकल व्हिकचा स्पीड ९९ पैकी ९५ होता, बॉल फेकणारा क्वार्टरबॅक असून. तू तो ८४ वर आणलेला बघून माझं रक्त पुन्हा तापलं. खरा व्हिक ऑगस्टमध्ये, सीझनआधीच्या मॅचमध्येच, पायाचं हाड मोडून बसला होता आणि आपल्या हॉलमध्ये मात्र तो रोज टचडाउन करत होता. त्यावर तू म्हणालास, ''रिअलिस्टिक पाहिजे ना? मग इंजरीचा आकडाही खाली घे.'' मी जेवलो नव्हतो त्या रात्री. खरं म्हणजे स्वयंपाकाची पाळी तुझी होती आणि तू काही केलंच नव्हतंस, पण ते असो.

किकर म्हणून मला टीममध्ये घातलं होतंस, हे आत्ता कळलं. किक पॉवर ३१. आभारी आहे.

पण मुद्दा वेगळाच आहे. नील आता शाळेच्या टीममध्ये खेळतो. राइट गार्ड, क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवणारा. त्याची उंची-रुंदी आजोळची, आमच्याकडे असलं काही नाही. मुलाला सारखी दुखापत होईल म्हणून वृषाली प्रत्येक मॅचला कपाळाला हात लावून बसते. तर तुझा रोस्टर पाहून या पठ्ठ्याला नाद लागला की नवीन मॅडनमध्ये आपणही खरेखुरे आकडे भरायचे. तुझा नियम त्याला लगेच पटला: सरासरी स्टार्टर (पहिल्या अकरातला) म्हणजे ६०, आणि ९० च्या वर मोजकेच. तुझं दहावीच्या मार्कांवरचं लेक्चर मीच त्याला ऐकवलं, सत्तरच्या खाली कोणी नाहीच, तर सत्तर म्हणजे शून्यच की! २००९ च्या मॅडन १० मध्ये गेम बनवणाऱ्या ईएने स्वतःच आकडे असे खालीवर पसरवले, तेव्हा तू इथे असतास तर पेढे वाटले असतेस. मी आजही म्हणतो, एनएफएल या प्रो लीगच्या ३२ टीमांत ५३ प्रमाणे १,६९६ माणसं. त्यातला सगळ्यात शेवटचाही त्याच्या कॉलेजात दादा होता. त्याला ४० कुठल्या तोंडाने द्यायचे? कोणाच्या तुलनेत ४०? याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

स्पीडचं सोपं आहे. इंडियानापोलिसला कंबाइनमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या चाचणीत, चाळीस यार्ड पळवतात, घड्याळ बोलतं. २००८ मध्ये ख्रिस जॉन्सन ४.२४ सेकंद, २०२४ मध्ये झेवियर वर्दी ४.२१. शिवाय आता शोल्डर पॅडमध्ये चिप असते, सेकंदाला दहा वेळा माणूस कुठे आहे ते कळतं. वाद घालायला जागाच नाही, तुला करमलं नसतं. पण पुढे सगळ्यात थोर क्वार्टरबॅक म्हणवला गेलेला टॉम ब्रेडी त्याच कंबाइनला ५.२८ मध्ये धावला आणि २००० च्या ड्राफ्टमध्ये, टीमा नवे खेळाडू निवडतात तिथे, १९९ वा गेला. जे घड्याळात आलं नाही, ते सगळं त्या एका 'अवेअरनेस'च्या, म्हणजे खेळाच्या समजेच्या, खान्यात कोंबायचं. आणि तो खाना म्हणजे निव्वळ थाप, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? कंट्रोलर हातात घेतला की क्वार्टरबॅकचं डोकं आपलंच. तू कुठलाही भंगार क्वार्टरबॅक घेऊन मला हरवायचास, कारण डिफेन्स तू वाचायचास. कॉम्प्युटर खेळवतो त्या खेळाडूंनाच तो आकडा खरा लागतो. म्हणजे मुख्यतः लाइनमनला, गार्डसारख्या पुढच्या फळीतल्या माणसाला.

आणि लाइनमनचा आकडा आणायचा कुठून? ना यार्ड, ना कॅच. त्याचा नंबर स्पीकरवर येतो तो होल्डिंगची, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याची, पेनल्टी लागली की. खेळाडूंना ग्रेड देणारे पीएफएफवाले प्रत्येक प्लेला उणे दोन ते अधिक दोन असे मार्क देतात, ठीक आहे, पण गार्डला शेजारच्या, आपल्याच सेंटरने उघडं पाडलं असेल तर ते कोणाच्या खात्यात? डिफेन्सवाला एरन डोनल्ड मॅडनमध्ये ओळीने सात वर्षं ९९ होता, त्याबद्दल कोणी हूं की चूं केलं नाही. त्याला अडवायला समोर दोघे लावायचे, त्या दोघांना किती द्यायचे यावर एकमत दाखव मला.

तर नीलने स्वतःला गेममध्ये बनवलंय. तुझ्याच मापाने, एनएफएलच्या तुलनेत. स्पीड ३४, स्ट्रेंग्थ ४१, रन ब्लॉक २६. डोळ्याची पापणी न हलवता भरले आकडे. मी पंधराव्या वर्षी स्वतःला सगळीकडे ९९ दिले असते. अवेअरनेसचा खाना मात्र रिकामा. म्हणाला, ''ते स्वतःचं स्वतःला कळत नाही बाबा, तुम्ही सांगा. आणि उगाच वाढवून नको.''

आता मी काय सांगू? मी आयुष्यभर बॉलकडे बघितलं. त्याच्या मॅचलाही पहिले दोन सेकंद बॉल शोधण्यात जातात, तोवर त्याचं काम होऊन गेलेलं असतं. तो उठताना दिसतो तेवढाच. त्याचे कोच फिल्म बघून प्रत्येक प्लेला अधिक-उणे लिहितात. परवा तो कागद घेऊन आला तेव्हा गप्प होता, मी विचारलं नाही. ७० म्हटलं तर बाप बोलला, २० म्हटलं तरी बापच बोलला. शिवाय मला खरंच माहीत नाही रे! रोज रात्री तो खाना उघडा ठेवून झोपतो हा मुलगा. वृषाली म्हणते, ''५० लिही आणि झोप.'' हिला काय सांगणार.

तू लाइन बघायचास. पिट्सबर्गचे सगळे लोक बॉल घेऊन पळणाऱ्या बेटिसच्या नावाने ओरडायचे आणि तू एकटा त्याला वाट करून देणाऱ्या गार्डकडे बोट दाखवून ''फॅनेका बघ, फॅनेका बघ'' करत माझी मॅच नासवायचास. फॅनेका २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा तुला फोन करणार होतो, राहून गेलं.

बाकी ठीक. माझं बीपी गोळीवर आहे, पाठ आहे तशी. दुकानाचं नवीन गोडाऊन झालं का? ईशाची बारावी ना यंदा? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन एकदाचं करून घे, टाळू नकोस.

दोन मॅचचे व्हिडिओ ड्राइव्हवर टाकलेत, लिंक मेसेजवर पाठवतो. ६६ नंबर. दुसऱ्या मॅचचा तिसरा क्वार्टर नीट बघ, तिथे त्याच्या बाजूने दोनदा ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांचा हल्ला) आला. पहिल्या वेळी फसला, दुसऱ्या वेळी स्नॅपच्या, म्हणजे बॉल सुटायच्या, आधीच सेंटरला हात करून काहीतरी सांगत होता, असं मला वाटलं. मला वाटलं म्हणजे काही नाही. तू बघ आणि आकडा थेट नीललाच कळव, त्याचा नंबर तुझ्याकडे आहे. कमी असला तरी चालेल, फक्त का ते त्याला समजावून सांग. आणि व्हिकचा स्पीड ९५च होता.

तुझा,
सुहास